तीन चौरसांचा एक चौरस

इस्लामी वास्तूंच्या भिंतींवरील तारकांची नक्षी पाहिली, की आपण तिला कला म्हणून मोकळे होतो. कोणी तिचे कोन मोजून दाखवले, की तिलाच गणित म्हणू लागतो. ह्या दोन नावांच्या मध्ये प्रत्यक्ष काय घडत होते, ह्याची एक साक्ष दहाव्या शतकातील बगदादहून आपल्यापर्यंत आलेली आहे.

अबुल वफा अल्-बूझजानी (९४०–९९८) हा त्या काळचा थोर गणिती. कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर त्याने ग्रंथ लिहिला. भूमितिवेत्ते आणि कारागीर एकत्र बसले असता निघालेला एक प्रश्न तो त्यात सांगतो: तीन सारखे चौरस कापून त्यांचा एकच चौरस कसा करावा? भूमितिवेत्त्यांनी मोठ्या चौरसाची बाजू रेघ ओढून दाखवली. पण तुकडे कसे पाडावे, हे त्यांना सांगता येईना. कारागिरांनी तुकडे जुळवून दाखवले. डोळ्यांना ते पटले, पण मापात चुकले.

अबुल वफाने दोघांचेही समाधान केले. दोन चौरस कर्णावर कापले, की चार त्रिकोण होतात. तिसरा चौरस मध्ये अखंड ठेवावा आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर एकेक त्रिकोण, लांब बाजू आत करून, एकाच फेऱ्याने कोपऱ्याला भिडवून मांडावा. मग चारही त्रिकोणांचे काटकोन रेघांनी जोडावे. रेघांबाहेर डोकावणारी टोके कापली, की ती आतल्या रिकाम्या जागांत नेमकी बसतात. एक वीत बाजूच्या चौरसांपासून होणाऱ्या ह्या चौरसाची बाजू ३ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.७३ वीत येते. पट्टीचे कितीही बारीक भाग पाडा, हे माप तिच्यावर नेमके सापडणार नाही; कात्रीला मात्र ते सापडले!

पुढे इस्फहान येथील दर्ब-इ-इमाम ह्या १४५३ च्या वास्तूवर कारागिरांनी मोठ्या नक्षीच्या पोटात तीच लहान नक्षी भरली. २००७ साली पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट ह्या संशोधकांनी दाखवले, की काही ठराविक आकृत्यांच्या जुळणीतून ती साधते, आणि विसाव्या शतकात रॉजर पेनरोज ह्यांनी मांडलेल्या, कधीही ठराविक अंतराने पुन्हा न येणाऱ्या रचनेच्या ती फार जवळ जाते. एवढ्यावरून त्या कारागिरांना आधुनिक सिद्धान्त ठाऊक होता, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण त्यांना केवळ हातचलाखी येत होती, असे म्हणणे हा अन्याय होईल.

सिद्धतेवाचून डोळा फसतो, हे अबुल वफाने कारागिरांना दाखवले. आणि हाताला न जमणारी सिद्धता कारागिराच्या कामाची नाही, हे त्याने स्वतः मान्य केले. विद्वान आणि कारागीर एकमेकांचे ऐकून घेतात तेव्हा काय उभे राहते, हे त्या भिंती आपल्याला सांगत आहेत. आपल्याकडे ह्या दोघांची बैठक कितीदा भरते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला बरा.