रेड स्पेशल: शेकोटीच्या फळीतून घडलेली गिटार

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे तुम्हाला आत्तापर्यंत किमान दहा रील्सनी सांगितलं असेल. आज त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या उंच, कुरळ्या केसांच्या माणसाकडे बघू. ब्रायन मे, क्वीन बँडचा गिटारिस्ट. त्याच्या हातातली ती लालसर गिटार कुठल्याच कंपनीची नाही. ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवली.

साल १९६३. ब्रायन सोळा वर्षांचा, राहायला लंडनजवळ. त्याला हवी होती फेंडर स्ट्रॅटोकास्टर. किंमत शंभर पौंडांच्या वर आणि घरची परिस्थिती बेताची. पण वडील हेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले ड्राफ्ट्समन. म्हणाले, आपणच करू. आधी ड्रॉइंग्ज, मग हातावर चालणारी साधी अवजारं. दोनेक वर्षं गेली आणि खर्च आला सुमारे आठ पौंड.

आता सामान ऐका. गिटारची मान ज्या महोगनीची, ती एका जुन्या घरातल्या शेकोटीवरची फळी, शंभर वर्षांहून जुनी. तिला किडीने भोकं पाडली होती. ती काड्यापेटीच्या काड्या घालून बुजवली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. मानेवर जे पांढरे ठिपके दिसतात ना, ती आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो ट्रेमोलो. ट्रेमोलो म्हणजे तो दांडा, जो दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर खाली घसरतो. अडचण अशी की सोडल्यावर तारा बरोबर मूळ जागी यायला हव्यात, नाहीतर गिटार बेसूर. घर्षण हा इथला खरा शत्रू. बापलेकांनी काय केलं, तर अख्खी पट्टी स्टीलच्या धारेवर तोलली, तराजूची दांडी तोलतात तशी. मागे तारांचा ताण पेलायला १९२८च्या पँथर मोटरसायकलच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा. पुढे ब्रिजवर तारेखाली छोटे रोलर. दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई. याला जुगाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. इथे सामान भंगारातलं होतं, डिझाइन नव्हतं.

पिकअपही आधी घरीच केले: चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळून. पण तार बाजूला ताणली की नको तो आवाज यायचा. मग बर्न्स कंपनीचे तीन विकत आणले. वायरिंग मात्र स्वतःचं. प्रत्येक पिकअपला दोन स्विच, एक चालू-बंद करायचा आणि एक फेज उलटवायचा. फेज उलटली की दोन पिकअपमधले काही स्वर एकमेकांना खोडतात आणि वेगळाच, धारदार आवाज उरतो. बॉडीत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, म्हणजे अँपसमोर उभं राहिलं की गिटार स्वतःच घुमायला लागावी. आणि वाजवायचं सिक्सपेन्सच्या नाण्याने!

आता गंमत बघा. ज्या वडिलांनी ही गिटार घडवली, त्यांनाच मुलाने ती पोटापाण्यासाठी वाजवणं मान्य नव्हतं. ब्रायन इम्पिरियल कॉलेजात सूर्यमालेतल्या धुळीवर पीएचडी करत होता. १९७४च्या सुमारास त्याने ती सोडली. इतकं शिकून बँडमध्ये? बापलेकांत बराच काळ अबोला होता. हा डायलॉग आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घरी ऐकलाय, फक्त गिटारच्या जागी दुसरं काहीतरी असतं. पुढे क्वीन मोठी झाल्यावर हेरॉल्ड न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शो बघायला गेले. हजारोंच्या गर्दीत त्यांनी ती शेकोटीची फळी वाजताना ऐकली आणि मग मुलाला म्हणाले की आता मला कळलं.

पीएचडी ब्रायनने पूर्ण केली, २००७ साली, साठाव्या वर्षी. तेव्हा हेरॉल्ड हयात नव्हते. गिटार अजून वाजते.