जोसेफ वाझ : ज्यांची कबर सापडत नाही असे संत

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव चांदीच्या पेटीत ठेवलेले आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणले जाते. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. झेवियर १५५२ मध्ये वारले आणि १६२२ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांत, संत घोषित झाले.

आजचा धागा गोव्यातच जन्मलेल्या दुसऱ्या एका संताविषयी आहे. त्यांचे शव नाही, कबरीचा ठावठिकाणा नाही, आणि त्यांच्या संतपदाला ३०४ वर्षे लागली. त्यांचे नाव जोसेफ वाझ.

प्रथम एका शब्दाचा उलगडा. मराठी माणूस ‘संत’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ज्ञानोबा-तुकोबा असतात. त्यांना संत कोणी ठरवले? कोणत्याही पीठाने नाही. वारीने, कीर्तनाने, लोकांच्या ओठांवरील अभंगांनी. कॅथलिक परंपरेतही आरंभीची काही शतके बहुतांशी असेच चाले. पुढे हा अधिकार रोमकडे एकवटला, आणि सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी नियम आवळले : रोमच्या संमतीवाचून कोणाचीही संत म्हणून सार्वजनिक उपासना करावयाची नाही.

म्हणजे संतपद हा एक खटला झाला. साक्षी, कागदपत्रे, उलटतपासणी. आक्षेप घेण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत. सिद्ध करावयाचे काय? श्रद्धा, आशा, प्रीती हे तीन ईश्वरनिष्ठ सद्गुण आणि विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार मूलभूत सद्गुण त्या व्यक्तीने असामान्य कोटीला नेऊन आचरले होते, हे. त्यानंतर चमत्कारांची छाननी.

(हुतात्म्यांची वाट निराळी. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले व १८६२ मध्ये संत झाले. तेथे मरण हाच पुरावा. वाझ अंथरुणावर वारले, म्हणून त्यांचे सारे जगणे तपासले गेले.)

२१ एप्रिल १६५१, बाणावली. तुकोबांच्या वैकुंठगमनाला जेमतेम एक-दोन वर्षे झालेली. वाझ यांचे घराणे सांकवाळचे. मूळ ब्राह्मण, धर्मांतरानंतर कॅथलिक. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी मारियामातेच्या नावे एक ‘दास्यपत्र’ लिहून दिले : आजपासून मी तुझा विकत घेतलेला गुलाम. गुलामांची खरेदी-विक्री उघड चालणाऱ्या गोव्यात हा शब्द कोणालाही नुसता अलंकार वाटला नसेल, असे मला वाटते.

येथे एक अडचण होती. स्थानिक माणूस धर्मप्रांताचा साधा पाद्री होऊ शकत असे. पण जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन इत्यादी युरोपीय संघांचे दरवाजे त्याला जवळपास बंद होते. बाप्तिस्मा सर्वांना, संघप्रवेश मात्र गोऱ्यांना. तेव्हा काही गोमंतकीय धर्मगुरूंनी १६८२ मध्ये जुन्या गोव्यात आपलीच एक संघटना उभारली, तीच ओरेटरी. १६८५ मध्ये वाझ तीत आले आणि लवकरच तिचे प्रमुख झाले.

चरित्रकार जे वाक्य सहसा गाळतात ते येथे लिहिले पाहिजे. युरोपीयांनी दार लावले म्हणून उभी राहिलेली ही संस्था स्वतः ब्राह्मण-कुळातील ख्रिस्ती धर्मगुरूंपुरतीच राहिली. चार्दो धर्मगुरूंना पुढे अठराव्या शतकात चिंबलला कार्मेलाइट परंपरेतील वेगळी वाट काढावी लागली. संताचे चरित्र वाचताना त्याच्या काळाचे हे ओझे बाजूला ठेवता येत नाही.

आता सिलोन. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगीजांचा तेथील शेवटचा किल्ला, जाफना, जिंकला. डच कॅल्विनपंथी, त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकलून उपासनेवर बंदी घातली. सुमारे तीस वर्षे तेथील कॅथलिकांना धर्मगुरू दिसला नाही. पोर्तुगीज राजाश्रयाखाली वाढलेले मिशन तोफा गेल्यावर कोलमडले, हे उघड आहे.

१६८७ च्या सुमारास वाझ तुतुकुडीहून निघाले. अंगावर मजुराचा वेष, सोबत घरचा नोकर जुआंव. पाठीशी किल्ला नाही, आरमार नाही. जाफन्याला पोचेपर्यंत दोघेही आजाराने खंगले होते. मग भिकाऱ्याच्या वेषात दारोदार फिरणे, गळ्यातील जपमाळेकडे कोणाची नजर जाते ते पाहणे, रात्री गुप्तपणे मिस्सा. त्यासाठी ते तमिळ शिकले, पुढे सिंहली.

जुआंवविषयी थोडे थांबतो. धोका दोघांचा सारखाच होता. चरित्रांत मात्र तो ‘विश्वासू नोकर’ एवढाच उरतो. सद्गुणांची नोंद कोणाची होते आणि कोणाची नाही, हा प्रश्न मला या साऱ्या साहित्यात सतत टोचतो.

१६९२ मध्ये वाझ कँडीच्या राज्यात शिरले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य, बौद्ध. पोर्तुगीजांचा हेर म्हणून वाझ कैदेत पडले. हळूहळू पहारा सैलावला. कैदेतच त्यांनी सिंहलीचा अभ्यास केला आणि झोपडीवजा प्रार्थनाघर बांधले. एका बौद्ध राजाच्या मुलखात, डच ख्रिस्त्यांपासून सुरक्षित असा हा कॅथलिक पाद्री! धर्माच्या सरहद्दी आपण नकाशावर आखतो तितक्या सरळ कधीच नसतात.

येथे प्रसिद्ध चमत्कार येतो. अवर्षण पडले, राजाने प्रार्थना करण्यास सांगितले, वाझ यांनी चौकात वेदी मांडली. पाऊस कोसळला, पण वेदी आणि ते स्वतः कोरडे राहिले. ही कथा आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः ओरेटरीच्याच माणसांकडून. गोमंतकीय ओरेटोरियन सेबास्तियांव दो रेगो यांनी लिहिलेले चरित्र १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले. त्याचा उद्देश नायकाचे संतत्व दाखवणे हा होता. इतिहासाचा विद्यार्थी या कथेवर सही करू शकत नाही. राजाची मर्जी फिरली आणि वाझ यांना मोकळीक मिळाली, एवढे मात्र पुढील घटनांवरून दिसते.

माझ्या दृष्टीने चरित्राचा गाभा या पावसात नाही. तो १६९७ मध्ये आहे. त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. राजा आणि धनिक शहर सोडून गेले. रोग्यांना त्यांचेच नातलग रानात टाकून येऊ लागले. वाझ आणि त्यांचे भाचे जोसेफ द कार्व्हाल्यो मागे राहिले. त्यांनी रिकामी घरे रुग्णालयासारखी वापरली, जखमा धुतल्या, अन्न पोचवले, प्रेते पुरली. रोगी बहुतेक बौद्ध होते.

आता वर सांगितलेल्या सात सद्गुणांकडे पुन्हा पाहावे. ‘प्रीती’ हा खटल्यातील एक रकाना. त्यात काय भरायचे? देवीच्या फोडांवरून फिरलेला हात. ही गोष्टही भक्तचरित्रातूनच येते, हे मान्य. पण पाऊस पाडणारा पाद्री आपल्याला अनेक चरित्रांत भेटतो. साथीत मागे राहणारा क्वचित भेटतो, आणि त्याचे राहणे शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

पुढे पोपचे दूत द तूर्नों भारतात आले असता वाझ यांना बिशप करण्याची गोष्ट निघाली. वाझ यांनी नकार दिला. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच वारले. सिलोन सोडून परत आले नाहीत.

मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच संतपदासाठी चौकशीला आरंभ झाला होता. मग एवढा उशीर का? सद्गुण कमी पडले म्हणून नव्हे. खटला चालवायला कोणीतरी लागते : पैसा, टिपणे, रोममध्ये हेलपाटे घालणारा माणूस. झेवियर यांच्यामागे जेझुइट संघ आणि पोर्तुगालचा राजा होता. वाझ यांच्यामागे गोव्यातील एक छोटी एतद्देशीय संस्था. १८३० च्या दशकात पोर्तुगालने धर्मसंघच बरखास्त केले आणि ती संस्थाही संपली. वादी नाहीसा झाला, खटला पडून राहिला. लोकांची स्मृती तेवढी टिकली, गोव्यात आणि त्याहून अधिक श्रीलंकेत.

विसाव्या शतकात प्रकरण पुन्हा उघडले. १९८९ मध्ये सद्गुण मान्य झाले, २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत त्यांना ‘धन्य’ घोषित केले. संतपदासाठी एरवी आणखी एक चमत्कार लागतो. पोप फ्रान्सिस यांनी ती अट बाजूला ठेवली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावर वाझ संत झाले. पाऊस पाडल्याची कथा जगभर सांगितल्या गेलेल्या माणसाला शेवटी दुसऱ्या चमत्कारावाचूनच संतपद मिळाले!

कबरीचे काय? १७४० च्या दशकात कँडीच्या दरबाराचा कल बदलला, कॅथलिक धर्मगुरूंना बाहेर पडावे लागले, आणि वाझ यांना जेथे पुरले ती जागा विस्मृतीत गेली. त्यामुळे चांदीची पेटी नाही, दशवार्षिक दर्शन नाही.

सांकवाळला ज्या चर्चच्या वेदीपुढे ते दास्यपत्र ठेवले गेले, ते एकोणिसाव्या शतकात आगीत गेले. त्याचा दर्शनी भाग तेवढा अजून उभा आहे.