सूर्याची वेळ, घड्याळाची वेळ

परवा बऱ्याच दिवसांनी चांगदेवला गेलो होतो. मुक्ताईनगरहून तसं जवळच आहे, पण आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे कुणी गाडीवर नेलं तरच जाणं होतं. देवळाच्या मागे तापी-पूर्णेचा संगम आहे. हतनूर धरणामुळे पाणी चांगलंच पसरलेलं असतं. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. तिथल्या पायऱ्यांवर बसून मावळता दिवस बघितला.

तापी ही सूर्याची लेक, असं पुराणात सांगितलं आहे. मुलताईला उगम पावते आणि मग पश्चिमेची वाट धरते. आपल्याकडच्या गोदा, कृष्णा सगळ्या पूर्वेला जातात. ही मात्र जाते तिकडेच रोज संध्याकाळी सूर्यही जातो. वर्गात नकाशा शिकवताना मी पोरांना सांगायचो, ही लेक बापाच्या मागे मागे निघाली आहे. भूगोलाच्या दृष्टीने हे चूक असेल, पण पोरं नदीची दिशा कधी विसरली नाहीत.

असो. त्या दिवशी बिंब पाण्याला टेकलं तेव्हा सवयीने हातातल्या घड्याळात पाहिलं आणि मायची आठवण आली. आज जे लिहितो आहे ते तिच्यामुळेच. पण त्याआधी थोडा इतिहास सांगावा लागेल. मास्तर माणूस, त्याशिवाय राहवत नाही. सांभाळून घ्या.

आपल्या जुन्या हिशोबात दिवस मध्यरात्री सुरू होत नसे. सूर्य उगवला की नवा वार. सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटका. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. ती मोजायला बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. वाटी भरून बुडाली की घटका भरली. लग्नात आपण अजून 'घटिका भरत आली' म्हणतो ते तेव्हापासूनचं.

हे सगळं गणित शिकवणारं एक पीठ आपल्याच खानदेशात होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? चाळीसगावजवळच्या पाटण्याला शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. त्या नातवाचं नावही चांगदेवच. पण हे चांगदेव यादवांच्या दरबारातले ज्योतिषी. आपले संगमावरचे योगी चांगदेव वेगळे. दोघांची गल्लत नको.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त टळू नये म्हणून बापाने घटिकापात्र मांडलं. ती वाकून बघायला गेली आणि तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडला. भोक बुजलं, पाणी आत शिरेना, पात्र बुडेना. मुहूर्त केव्हा निघून गेला ते कुणाला कळलंच नाही. ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीने 'लीलावती'च्या फारसी भाषांतरात, १५८७ साली, सांगितली आहे. खरी असो वा नसो, तिच्यातलं दुखणं खरं आहे. वेळ मोजणारं यंत्रच चुकलं, आणि जिच्यासाठी मांडलं होतं तिचं नुकसान झालं. बाहेर येऊन आभाळाकडे बघण्याचं कुणाला सुचलं नाही.

खेड्यात मात्र माणसं आभाळाकडेच बघत. झुंजुमुंजु झालं, तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, दिवस माथ्यावर आला, दिवस कलला, दिवेलागण झाली. कासराभर म्हणजे बैलाच्या कासऱ्याच्या लांबीइतका वर. असं घड्याळ प्रत्येक गावाचं आपलं वेगळं असायचं, कारण सूर्य काही सगळीकडे एकदम उगवत नाही. एक रेखांश सरकला की चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबईपेक्षा आमच्याकडे मध्यान्ह सुमारे तेरा मिनिटं आधी होते. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मुंबईची मध्यान्ह इथे कुणाला हवी होती?

ती हवी झाली आगगाडी आल्यावर. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली आणि पुढच्या दशकात रूळ भुसावळ ओलांडून पुढे गेले. आता गाडी प्रत्येक गावच्या सूर्याप्रमाणे चालवायची म्हटलं तर टक्करच व्हायची. म्हणून रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. आमच्याकडे भुसावळच्या फलाटावरचं घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा साधारण सतरा मिनिटं पुढे असणार. एकाच आभाळाखाली दोन वेळा सुरू झाल्या त्या अशा.

मुंबईकरांनी हे सहजासहजी मान्य केलं नाही. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (हो, पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादली. लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणजे मुंबईच्या सूर्यापेक्षा जवळपास एकोणचाळीस मिनिटं पुढे. त्याच महिन्यात एका गिरणीतल्या कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. घड्याळात तेवढाच आकडा, पण घर सोडावं लागतं अंधारात. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी 'मुंबई वेळ' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नव्हती. आज हे वाचून हसू येतं. पण मला वाटतं, ते भांडण मिनिटांचं नव्हतंच. आमचा दिवस कधी उजाडला हे तुम्ही कोण सांगणार, असं ते भांडण होतं.

आता घरची गोष्ट सांगतो.

माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, २० जानेवारी १९४४ ला पूर्णाकाठच्या आमच्या गावी जन्मला. नाना, म्हणजे आमचे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. पोस्टाचं कामही तेच शाळेत बसून बघत. त्यामुळे गावात एक बरं घड्याळ होतं ते त्यांच्या ताब्यात. ते भुसावळला गेले की रेल्वेच्या घड्याळाशी ताडून बघत. दादाच्या जन्माची नोंद त्यांनी आपल्या वहीत करून ठेवली. तारीख, वार गुरुवार, सकाळी साडेसात.

नाना १९५८ साली गेले. पुढे १९६७ मध्ये दादाचं लग्न ठरवायची वेळ आली, तेव्हा वही काढून जोशीबुवांना दिली. त्यांनी पत्रिका मांडली. मकर लग्न, जन्म गुरुवारी, सूर्योदयानंतर एक घटका. माय दाराआड उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "नाही हो. दिवस उगवला नव्हता. तांबडं फुटलं होतं नुसतं. बुधवारचं पोर आहे ते माझं."

जोशीबुवा हसले. म्हणाले, "वहिनी, जानेवारीत सात वाजून पाच मिनिटांनी सूर्य उगवतो. साडेसातला चांगलं उन्ह आलेलं असतं. मास्तरांनी घड्याळ बघून लिहिलं आहे." मी तेव्हा सतरा वर्षांचा, नुकताच कॉलेजात जाऊ लागलेला. मीही हसलो. वर शहाणपणाने म्हणालो, "माय, तुला घड्याळ कुठे कळतं?"

ती काही बोलली नाही. आत गेली. पण पुढे तीस वर्षं दर जानेवारीत दादाला ओवाळताना ती हळूच म्हणायची, बुधवारचं पोर. आम्ही तिची गंमत करायचो. सूनबाई करायच्या, नातवंडंही करायची. ती गेली १९९७ साली.

गेल्या वर्षी दादा गेला. त्याचे कागद आवरताना नानांची ती वही हाती आली. जन्माची नोंद मी प्रथमच नीट, चष्मा लावून वाचली. '७-३०' च्या पुढे कंसात बारीक अक्षरात दोन अक्षरं होती, 'न. वे.' इतकी वर्षं तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मला काही उलगडेना. नागपूर वेळ? पण तशी वेळ काही आमच्याकडे नव्हती. मग पुढच्या-मागच्या पानांवर शोधलं. एका पानावर पूर्ण लिहिलेलं सापडलं: 'नवी वेळ.'

आणि डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने घड्याळं एक तास पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर ती 'नवी वेळ' चालली. मी इतिहास शिकवलेला माणूस. युद्धाची कारणं आणि परिणाम फळ्यावर शंभर वेळा लिहिले असतील. हा परिणाम मात्र आमच्या घरात येऊन बसला होता, तो दिसला नाही.

हिशोब करायला मिनिटही लागलं नाही. नव्या वेळेचे साडेसात म्हणजे नेहमीचे साडेसहा. सूर्योदय सात-पाचचा. म्हणजे दादा जन्मला तेव्हा दिवस उगवायला पस्तीस मिनिटं बाकी होती. पूर्वेला तांबडं फुटण्याचीच ती वेळ. आणि आपल्या रीतीप्रमाणे सूर्योदय झाला नव्हता म्हणजे वार बदलला नव्हता. बुधवारच!

जोशीबुवांनी गावच्या रेखांशाची सव्वीस मिनिटं काळजीपूर्वक वजा केली होती, पण साठ मिनिटं राहून गेली. मकर लग्नाची पत्रिका खरी धनू लग्नाची. त्याने दादाच्या आयुष्यात काही बिघडलं असं मी म्हणणार नाही. माझा पत्रिकेवर विश्वास नाही. त्याचा संसार छान झाला. बिघडलं ते दुसरीकडे. नानाही चुकले नव्हते, त्यांनी घड्याळात दिसलं ते प्रामाणिकपणे, खुणेसकट लिहिलं. मायही चुकली नव्हती, तिने आभाळात दिसलं ते सांगितलं. चुकलो आम्ही शिकलेले. लिहिलेलं अर्धवट वाचलं आणि सांगितलेलं ऐकलंच नाही.

बाळंतिणीच्या खोलीला एक लहान खिडकी होती, पूर्वेची. ती मी पाहिली आहे. त्यातून तिला जे दिसलं ते तिच्या लेखी पहिल्या लेकराचं तोंड पाहण्याइतकंच पक्कं असणार. तेवीस वर्षांनी सतरा वर्षांच्या पोराने तिला विचारलं, तुला घड्याळ कुठे कळतं. हे वाक्य आता परत घेता येत नाही.

त्यानंतर मी एक छंद लावून घेतला आहे. गच्चीवरून रोज सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ टिपून ठेवतो. त्यात एक मजा कळली. सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरच्या सुमारास, हे आपण सगळेच शिकवतो. पण आमच्याकडे सर्वांत उशिरा सूर्य उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, आणि सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. संक्रांत झाली तरी सकाळ लवकर होत नाही, असं माय म्हणायची. तेही बरोबरच निघालं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, म्हणून हे होतं. मला पुस्तकातून कळलं. तिला शेणगोठा करताना कळलं होतं.

मुक्ताईची गोष्ट आमच्या तालुक्यात लहान पोरालाही माहीत असते. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी एका लहान मुलीला गुरू केलं. वर्षं मोजणं वेगळं आणि जाणणं वेगळं, एवढा साधा अर्थ मी वर्षानुवर्षं कीर्तनात ऐकत आलो. घरी मात्र तो लागू केला नाही.

त्या संध्याकाळी संगमावर बिंब पूर्ण बुडेपर्यंत बसलो. हवेतून येताना किरण वाकतात. त्यामुळे बिंब क्षितिजाला टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य खरं तर आधीच खाली गेलेला असतो. आपण बघत असतो ते मागे राहिलेलं दिसणं. माणसांचंही तसंच होतं बहुतेक. आपल्याला नीट दिसायला लागतात तोवर ती गेलेली असतात.

येत्या २० जानेवारीला दादा नाही. तरी पहाटे उठणार आहे. सहा-तीसला गच्चीवर जाऊन पूर्वेकडे बघणार आहे, घड्याळ खालीच ठेवून.

तुमच्याही घरी १९४२ ते १९४५ मधला कुणाचा जन्म असेल, तर जुनी वही एकदा काढून बघा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस वहीपेक्षा वेगळं काही सांगत असेल, तर आधी त्याचं ऐका.