मैल

अंगावरचा मैल आणि मैलाचा दगड यांतला मैल एकच नव्हे. पहिला संस्कृत ‘मल’च्या गोतातला. दुसरा आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण मूळचा लॅटिन ‘मिल्ले पास्सूस’, म्हणजे हजार पावलं. पाऊलही रोमन हिशेबाचं: एक पाय उचलून तोच पुन्हा टेकेपर्यंतचं. म्हणून हजारांत सुमारे १४८० मीटर भरतात.

ब्रिटनमध्ये इ.स. १२२च्या सुमारास रोमन सम्राट हेड्रियनची भिंत उभी राहू लागली, ती याच मापानं. लांबी ८० रोमन मैल, दर मैलाला एक गढी, दोन गढ्यांमध्ये दोन बुरूज. गवंडी, पाथरवट मुख्यतः तीन लीजनांतले, म्हणजे रोमन सैन्यदलांतले, सैनिकच. पूर्वेकडे दगड, पश्चिमेकडे आधी गवताळ मातीच्या ढेपा रचल्या, दगड मागाहून आला. आपल्या वाट्याचं बांधकाम कुठलं, हे तुकड्या दगडावर कोरून ठेवत. (आपल्या कंत्राटदारांच्या पाट्या आठवाव्यात!) आणि आराखड्याची शिस्त अशी, की एखाद्या गढीचं उत्तरेचं दार थेट तीव्र उतारावर उघडतं. तिथून गाडी कशी उतरणार? पण मैल भरला होता ना, मग गढी तिथेच!