नवजात बाळासाठी स्लिंग निवडताना

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात घरातील हात अपुरे पडतात, ही गोष्ट नवी नाही. पूर्वी एकाच छपराखाली आजी, काकू, आत्या असत आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जात असे. आज पर्वरी किंवा मडगावच्या सदनिकेत पुष्कळदा आई-वडील दोघेच असतात आणि बाळ खाली ठेवताच रडू लागते. अशा वेळी बारशाच्या भेटवस्तूंतून किंवा ऑनलाइन खरेदीतून घरात येते ती बेबी स्लिंग, म्हणजे बाळाला छातीशी बांधून घेण्याची कापडी झोळी. वस्तू सोयीची आहे, यात शंका नाही. मात्र ती निवडताना रंग आणि नक्षी यांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके बाळाच्या हनुवटीकडे दिले जात नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

कापडाने मूल अंगाशी बांधून कामाला जाणे आपल्याकडे परके नाही. शेतात, रस्त्याच्या कामावर, पाल टाकून राहणाऱ्या कुटुंबांत ते आजही दिसते. युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांत ही पद्धत रुजली ती मात्र गेल्या अर्धशतकात. जर्मनीत एरिका हॉफमन या जुळ्यांच्या आईने मेक्सिकन शालीत बाळे बांधून नेण्यास सुरुवात केली आणि 1972 मध्ये तशा विणलेल्या पट्ट्यांचा व्यवसाय उभा केला. खांद्यावर दोन कड्यांतून कापड ओवण्याची स्लिंग 1981 च्या सुमारास हवाईमध्ये रेनर गार्नर यांनी तयार केली आणि बालरोगतज्ज्ञ विल्यम सीयर्स यांनी तिचा प्रसार केला. आज भारतीय बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्लिंगांचे मूळ या दोन प्रकारांत सापडते.

श्वासाचा प्रश्न

नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे स्नायू ते पेलण्याइतके तयार नसतात. झोळी सैल असेल आणि बाळ तिच्यात पिशवीत ठेवल्याप्रमाणे वाकून बसले, तर डोके पुढे झुकते आणि हनुवटी छातीला टेकते. प्रौढ माणसाला एवढ्याने काही होत नाही. परंतु तान्ह्या बाळाची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असल्याने ती या स्थितीत दबते. दुसरा धोका कापडाचा. नाक-तोंड कापडात किंवा आईच्या अंगात रुतले, तर बाळाला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. दोन्ही प्रसंगी ते रडत नाही, कारण रडण्यासाठीही हवा लागते.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये याच कारणासाठी जाहीर इशारा दिला. त्याआधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान 14 बालमृत्यूंची नोंद आयोगाकडे होती आणि त्यांतील बहुतेक बाळे चार महिन्यांहून लहान होती. नाक-तोंड दाबले गेल्यास एक-दोन मिनिटांतही बाळ गुदमरू शकते, असे आयोगाने म्हटले होते. त्याच महिन्यात पिशवीसारख्या खोल घडणीच्या दहा लाखांहून अधिक स्लिंगा तेथील बाजारातून परत मागवण्यात आल्या. तशा घडणीच्या झोळ्या स्वस्त नकलांच्या रूपाने ऑनलाइन दुकानांत अजूनही दिसतात. तळ रुंद, कडेला इलॅस्टिक आणि आत बाळ आडवे झोपलेले असे चित्र वेष्टनावर असेल, तर नवजात बाळासाठी ती वस्तू घेऊ नये. याबाबत सवलत नाही.

ब्रिटनमधील स्लिंग विक्रेत्यांनी आणि प्रशिक्षकांनी मिळून जो साधा नियम प्रसृत केला, तो ‘टिक्स’ या नावाने ओळखला जातो. झोळी घट्ट असावी. मान खाली घालताच बाळाचा चेहरा दिसावा. बाळ इतके उंच असावे की आईला किंचित वाकून त्याच्या माथ्याचा पापा घेता यावा. हनुवटी छातीपासून सुटी असावी. आणि पाठीला सरळ आधार असावा. हनुवटीखाली दोन बोटे सहज जात असतील तर स्थिती ठीक समजावी. पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबले असता बाळ आईच्या अंगाकडे आणखी सरकले, तर झोळी सैल आहे आणि पुन्हा बांधली पाहिजे. एकदा नीट बांधले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. चालता चालता कापड सैलावते, बाळ झोपले की खाली घसरते. म्हणून ही तपासणी दर काही मिनिटांनी करावी लागते.

कोणता प्रकार घ्यावा

पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी ताणले जाणारे लांब कापड, म्हणजे स्ट्रेची रॅप, सर्वांत मऊ वाटते. ते आधी अंगावर बांधून मग बाळ आत ठेवता येते. त्याचा दोष असा की बाळाचे वजन वाढले की कापड ओघळते. शिवाय त्याचे तीन थर बाळाच्या पाठीवर येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत गोव्याच्या दमट हवेत ते नकोसे होते. कड्यांची स्लिंग एकेरी थराची असल्याने हवेशीर असते, चटकन घालता-काढता येते आणि बाळाच्या उंचीनुसार नेमकी ओढून घेता येते. पण सारा भार एकाच खांद्यावर येतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळेसाठी ती त्रासदायक ठरते. न ताणणारा विणलेला रॅप सर्वांत टिकाऊ, मात्र बांधायला शिकावा लागतो आणि शिकण्याची चिकाटी बाळंतिणीकडे कितपत असते, हे ज्या त्या घराला ठाऊक. बकलांचे कॅरियर वडिलांना अधिक आवडतात, कारण त्यात गाठ नसते.

बकलांच्या कॅरियरबाबत एक गोष्ट विशेष पाहावी, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाही. अनेक कॅरियरांवर किमान वजनाची मर्यादा 3.2 किंवा 3.5 किलो छापलेली असते. आपल्याकडे पूर्ण दिवसांची निरोगी बाळेही पुष्कळदा 3 किलोंच्या आतबाहेर जन्मतात. म्हणजे वेष्टनावर ‘नवजात’ असा शब्द असला तरी पहिले काही आठवडे ती वस्तू त्या बाळासाठी नसतेच. मोठ्या बैठकीत लहान बाळ खाली गोळा होऊन बसते आणि वर वर्णिलेला हनुवटीचा धोका निर्माण होतो. तेव्हा वय न पाहता वजन पाहावे, तेही रुग्णालयातून घरी सोडताना नोंदवलेले.

बाळ अडीच किलोंहून कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, तर बाजारातील स्लिंगचा विचार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. अशा बाळांसाठी कांगारू मातृसेवा ही वेगळी वैद्यकीय पद्धत आहे. कोलंबियातील बोगोटा येथे 1978 मध्ये डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, साध्या पट्ट्याने बांधून ठेवायचे, असे तिचे स्वरूप आहे. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू 25 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिवसातून 8 ते 24 तास अशी सेवा देण्याची शिफारस केली. तिची जागा स्लिंग घेऊ शकत नाही. दोहोंत साम्य आहे ते कापडाचे.

पाय, कापड आणि आई

दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळण्याची आपली सवय बाळाच्या खुब्याला मानवत नाही. गर्भात दुमडलेले पाय काही महिने तसेच राहू इच्छितात. स्लिंगमध्ये बाळाचे गुडघे बुडापेक्षा किंचित वर आणि मांड्यांना गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत कापडाचा आधार, अशी बैठक योग्य. समोरून ती बेडकासारखी दिसते. नवजात बाळाचे पाय ओढून फाकवण्याचे मात्र कारण नाही. पाय लोंबकळत ठेवणारी अरुंद बैठक टाळावी आणि मान धरेपर्यंत बाळाचे तोंड बाहेरच्या दिशेला करू नये.

कापड सुतीच घ्यावे. स्लिंग हाही कपड्याचा एक थर असतो, हे घरातील ज्येष्ठांच्या ध्यानात येत नाही. टोपडे, झबले, पायमोजे आणि वरून झोळी, असा थाट केला की बाळ घामाने भिजते. मानेच्या मागे हात लावून पाहावे. तिथे घाम असेल तर एक थर कमी करावा. उन्हापासून बचाव म्हणून पदराने बाळाचा चेहरा झाकणे धोक्याचेच. पावसाळ्यात जाड विणीचे कापड दोन दिवसांत वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो, म्हणून इथे पातळ पण घट्ट विणीचे कापड सोयीचे. बाळ कड चोखते. तेव्हा वापरण्यापूर्वी सौम्य साबणाने धुणे आवश्यक.

जुन्या सुती साडीची स्लिंग करता येईल का, हा प्रश्न आजी हमखास विचारते. साडी पाच-साडेपाच मीटरची, म्हणजे लांबीला पुरेशी. तथापि धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीचे धागे विरलेले असतात. दुपट्याला आणि गोधडीला ती उत्तम; बाळाचा भार तिच्यावर टाकू नये. साडीच्या दुकानातील शोभेच्या कड्या वापरून घरी स्लिंग शिवणेही तसेच. कड्या भार पेलण्यासाठी बनवलेल्या आणि सांधा नसलेल्या असाव्या लागतात.

आईच्या शरीराचा विचार मागे पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार गोव्यात जवळपास 40 टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. टाके भरून येईपर्यंत कमरेचा रुंद पट्टा नेमका जखमेवर बसतो. अशा वेळी पट्टा नसलेला प्रकार आणि डॉक्टरांची परवानगी दोन्ही हवीत. तोवर बाळ वडिलांनी घ्यावे. त्यांनाही ते जमते.

‘हाताची सवय लागेल’ हा आक्षेप प्रत्येक घरात येतो. कॅनडात हुन्झिकर आणि बार यांनी 99 माता-बालकांवर केलेल्या, 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज अधिक वेळ उचलून घेतलेली बाळे सहा आठवड्यांच्या वयात इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती. अभ्यास जुना आणि लहान आहे. तरी आक्षेपाला तो पुरेसे उत्तर देतो.

स्लिंग कुठे वापरू नये, याची यादी छोटी आहे. चुलीपाशी, गरम तेलापाशी नाही. चतुर्थीच्या नेवऱ्या तळताना तर नाहीच. मोटारीत ती बालआसनाची जागा घेत नाही. स्कूटरवर मागे बसून झोळीत तान्हे बाळ नेण्याचे दृश्य आपल्या रस्त्यांवर नित्याचे झाले आहे. चार वर्षांखालील मुलांना दुचाकीवरून नेताना सुरक्षा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा असा केंद्रीय नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. घसरण झाल्यास आईच्या शरीराचा भार बाळावर येतो, तिथे कोणतीही स्लिंग काही करू शकत नाही. झोळीत बाळाला पाजता येते, मात्र पाजून होताच त्याला पुन्हा उभे, उंच घ्यावे. स्वतःला झोप येत असेल तर आधी बाळ खाली ठेवावे.

घेतलेली स्लिंग पहिल्यांदा बाळावर वापरू नये. 3 किलो तांदूळ कापडी पिशवीत बांधून, आरशासमोर, पलंगाच्या वर ओणवे राहून दोन-चार वेळा सराव करावा. पिशवी घसरली तर गादीवर पडेल. वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून बसण्याची सवयही तेव्हाच लावून घ्यावी. दुसऱ्याकडून वापरलेली स्लिंग मिळाली असेल तर शिवणीचे टाके, बकलांना गेलेले तडे आणि उन्हाने विटलेले पट्टे उजेडात नेऊन पाहावेत.