शिवेचा धोंडा आणि गावची चावडी

अमेरिकेतील खेड्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १७८५ साली तेथील काँग्रेसने कायदा केला की, ओहायो नदीपलीकडचा मोकळा मुलूख सहा-सहा मैलांच्या चौकोनांत आखावा, प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग पाडावेत आणि त्यांतला सोळावा भाग शाळेसाठी राखावा. ‘मोकळा’ हे आपले म्हणण्यापुरते. तेथे पूर्वापार राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही! अशा एका चौकोनाला टाउनशिप म्हणतात. सीमा आधी पडली, माणसे मागून आली.

आमच्या धाराशिवकडे सारे उलट. (धाराशिवातला ‘शिव’ आणि ही शीव एक नव्हे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.) गोरोबाकाकांचे तेरच घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात ते ‘तगर’ या नावाने येते. तेथून भडोच बंदराला कापड जात असे. एवढ्या जुन्या मुलखातल्या खेड्यांच्या शिवा कोणी साखळी ओढून आखलेल्या नव्हत्या. त्या माणसांच्या आठवणीत होत्या.

आठवणीवर भिस्त असली की तंटे आलेच. मग गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र जमत, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बाकीचे आपापल्या धंद्याच्या हत्याराची. शिवेचा खरा जाणकार मात्र गावचा महार. धोंडा कोठे पुरला आहे, ओढा पूर्वी कोठून वाहत होता, हे त्याला बापाने दाखविलेले असे. शिवेच्या तंट्यात त्याच्या शब्दाला मोठे वजन होते. पण एरवी त्याची जागा चावडीच्या ओट्याखाली! १८३० साली मेटकाफ साहेबाने हिंदुस्थानातल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, आणि आपल्याकडच्या विद्वानांनी ते फार आवडीने उचलून धरले. ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारले असते, तर त्याने ही पदवी मान्य केली असती असे मला वाटत नाही.

वरचे राज्य मात्र सारखे बदलत होते. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला आणि कादंबरीकार म्हणून आधीच गाजलेला मेडोज टेलर तेथे कारभारी म्हणून आला. १८६० साली जिल्हा पुन्हा निजामाकडे. १८६५ साली सालारजंगाने जिल्हाबंदी केली, १८८४ पासून दरबारी कारभार उर्दूत चालू लागला. गावात माली पाटील वसूल करी, पोलीस पाटील बंदोबस्त पाही, पटवारी दप्तर सांभाळी. ही पदे वंशपरंपरेची. रयतेने त्यांना निवडण्याचा प्रश्नच नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५६ साली हैदराबाद राज्याचा ग्रामपंचायत कायदा झाला. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९५८ चा मुंबईचा कायदा आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १ जानेवारी १९६३ ला मुलकी पाटलाचे वतनी पद कायद्याने गेले. मान काही तारखेनिशी जात नाही. पहिल्या अनेक सरपंचांची आडनावे वाचली म्हणजे हे ध्यानात येते. राखीव जागांनी खरी ढवळाढवळ केली. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने दलितांना व आदिवासींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक-तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्मा झाला.

त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. लोहारा आणि उमरगा भागातली गावे कोसळली. कित्येक गावे नव्या जागी वसविली गेली, आणि तेथे आधी नकाशे आले, रुंद सरळ रस्ते आले, मग माणसे आली. भाऊबंदांच्या गल्लीत, भिंतीला भिंत लावून राहिलेल्या लोकांना ते चौकोन फार मोकळे वाटले.