एक्स-रे फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपी म्हणजे काय? पेशीतलं झिंक कसं मोजतात?

"गर्भधारणेच्या क्षणी प्रकाश चमकतो" ही बातमी 2016 मध्ये इंटरनेटवर खूप फिरली. व्हिडिओ खरा आहे, पण चमकतं ते स्त्रीबीज नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या या प्रयोगात बीजाभोवतीच्या द्रवात एक खास रंगद्रव्य होतं. झिंक, म्हणजे आपलं जस्त, भेटलं की ते चमकतं. सक्रिय होताना बीज झिंक बाहेर फेकतं, तेच आपल्याला दिसतं. शिवाय मानवी बीजांवरच्या त्या प्रयोगात शुक्राणू वापरलेच नव्हते. हेडलाइनमध्ये हे कुठून येणार!

याला फ्लुओरेसन्स इमेजिंग म्हणतात. जिवंत पेशीत काय आणि कधी घडतं ते यात कळतं. अडचण अशी की, दिसतो तो रंग. प्रथिनांना घट्ट चिकटलेलं झिंक त्यातून सुटतं. मग एकूण झिंक किती?

इथे एक्स-रे कामाला येतात. एक्स-रे अणूवर आदळला की आतला एक इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याची जागा घेतो आणि उरलेली ऊर्जा पुन्हा एक्स-रे म्हणून बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते: लोखंडाची 6.40, तांब्याची 8.05, झिंकची 8.64 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रंग टाकायची गरजच नाही, अणू स्वतःच आपलं नाव सांगतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

हा बारीक झोत नमुन्यावर बिंदू-बिंदू फिरवतात. फोनमधल्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. इथे झिंक किती, लोह किती, तांबं किती, असे आकडे मिळतात. दवाखान्यातलं मशीन यासाठी पुरत नाही. शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत 1104 मीटर घेराच्या रिंगमध्ये इलेक्ट्रॉन पळवून असे किरण मिळवतात.

पण एवढा मारा जिवंत पेशीला सोसत नाही. नमुना आधी वाळवावा किंवा झटकन गोठवावा लागतो. म्हणून दोन्ही पद्धती लागतात. 2014 मध्ये अशा अनेक पद्धती एकत्र वापरून उंदराच्या बीजात झिंकचे सुमारे 8000 कप्पे आढळले, प्रत्येकात साधारण 10 लाख अणू!

पुढे उंदरांमध्येच असं दिसलं की, जास्त झिंक सोडणाऱ्या बीजांचे गर्भ चांगले वाढण्याची शक्यता जास्त असते. आयव्हीएफमध्ये गर्भ निवडताना हे वापरायचं झालं, तर एक्स-रे चालणार नाहीत. बाहेर पडलेलं झिंकच मोजावं लागेल.